द शॅक : शोकाशी इमान राखणारी, उत्तरांची घाई करणारी कादंबरी

विल्यम पॉल यंग यांची ‘द शॅक’ ही इंग्रजी कादंबरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती वाचकांमध्ये तिच्याइतके टोकाचे मतभेद निर्माण करणारे ललित पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. ती वाचल्यावर कितीतरी वर्षांनी पुन्हा देवाशी बोलावेसे वाटले असे सांगणारे वाचक आहेत, आणि गोष्टीच्या वेष्टनात गुंडाळलेले हे पाखंड आहे असे व्यासपीठावरून बजावणारे धर्मशिक्षकही आहेत. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वाचनगटात हे पुस्तक घेतले तेव्हा हे दोन्ही सूर एकाच खोलीत उमटले. माझे स्वतःचे मत यांपैकी कोणत्याही एका पारड्यात पूर्णपणे पडत नाही. शोकाचे वर्णन करताना ही कादंबरी अस्सल आहे, शोकाला उत्तर देताना ती उतावळी होते, आणि तिच्यावर सर्वांत मोठ्या आवाजात घेतला गेलेला आक्षेप हा तिचा सर्वांत मोठा दोष नव्हे, असे मला वाटते.

यंग यांचा जन्म १९५५ मध्ये कॅनडात झाला, परंतु बालपण डच अमलाखालील न्यू गिनीत, दानी या आदिवासी जमातीत गेले. त्यांचे आईवडील तेथे मिशनरी होते. लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे, आणि कादंबरीतील पडकी झोपडी म्हणजे माणूस आपल्या दुःखातून आणि लाजेतून मनाच्या आत जे घर बांधतो ते घर, हा उलगडाही त्यांनीच केला आहे. पत्नीच्या आग्रहावरून त्यांनी ही गोष्ट आपल्या सहा मुलांना नाताळची भेट म्हणून लिहिली आणि २००५ मध्ये तिच्या अवघ्या पंधरा प्रती काढल्या. पुढे वेन जेकबसन आणि ब्रॅड कमिंग्ज या मित्रांनी त्यांच्याबरोबर तिचे पुनर्लेखन केले, अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली, आणि जाहिरातीवर तीनशे डॉलरसुद्धा न खर्चता पुस्तक बाजारात आणले. २००८ च्या उन्हाळ्यात ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेथे दीर्घकाळ टिकले, एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. हा सारा प्रसार मुख्यत्वे एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती पुस्तक ठेवल्यामुळे झाला. ज्या पुस्तकाला धर्मपीठांनी शिफारस दिली नाही ते शोकाकुल घरांनी एकमेकांना दिले, ही वस्तुस्थिती त्याच्यावर टीका करणाऱ्यांनीही नजरेआड करू नये.

कथानक थोडक्यात असे. ऑरेगन राज्यात राहणारा मॅकेन्झी फिलिप्स, म्हणजे मॅक, आपल्या तीन धाकट्या मुलांना घेऊन वालोवा सरोवराच्या काठी तंबू ठोकून राहण्यासाठी जातो. परतण्याच्या दिवशी सरोवरात मुलांची होडी उलटते. एका मुलाचा जीव वाचवण्यासाठी मॅक पाण्यात धाव घेतो, आणि तेवढ्या वेळात काठावर चित्र रंगवत बसलेली धाकटी मिसी नाहीशी होते. दूर रानातल्या एका पडक्या झोपडीत तिचा फाटलेला, रक्ताळलेला लाल झगा सापडतो. मृतदेह सापडत नाही. काही वर्षांनी, बर्फाने रस्ते गोठलेले असताना, मॅकला टपालपेटीत एक टंकलिखित चिठ्ठी मिळते. त्याच झोपडीत भेटीला ये, असे तिच्यात लिहिलेले असते आणि खाली सही असते ‘पापा’. मॅकची पत्नी नॅन देवाला याच नावाने हाक मारते. मॅक घरात कोणालाही न सांगता तेथे जातो, आणि जेथे आपल्या लेकीचा खून झाला त्याच जागी त्याला त्रैक्यातील, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाच्या तीन व्यक्तींपैकी, तिघेही भेटतात : पापा ही ऐसपैस बांध्याची आफ्रिकी-अमेरिकन स्त्री, येशू हा सुताराचा पट्टा कमरेला बांधलेला मध्यपूर्वेतील ज्यू माणूस, आणि पवित्र आत्मा म्हणजे ‘सरायू’ ही बागेत राबणारी आशियाई स्त्री. शरयू हे नाव ज्यांच्या नात्यागोत्यात हमखास आढळते त्या मराठी वाचकांना हे वाचून क्षणभर आपुलकी वाटेल. अमेरिकेतील काही टीकाकारांना मात्र पवित्र आत्म्याला संस्कृत नाव देणे ही परधर्माची घुसखोरी वाटली.

वादाला तोंड फुटले ते देवबापाला स्त्रीरूप दिल्यामुळे. सिअॅटलचे तत्कालीन पाळक मार्क ड्रिस्कॉल यांनी व्यासपीठावरून, पित्याची मूर्ती घडवणे हा आज्ञाभंग आहे आणि ही देवीपूजेची वाट आहे, असा आरोप केला. सदर्न बाप्टिस्ट धर्मशास्त्र विद्यालयाचे अध्यक्ष आल्बर्ट मोहलर यांनी पुस्तकात निर्भेळ पाखंड असल्याचे म्हटले. यंग यांच्या ओळखीचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक जेम्स डी यंग यांनी २०१० मध्ये कादंबरीचे खंडन करणारे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. दुसऱ्या बाजूला, बायबलचा बोलीभाषेत अनुवाद करणारे यूजीन पीटरसन यांनी जॉन बन्यनच्या ‘यात्रेकरूचा प्रवास’ या ग्रंथाशी तिची तुलना केली, आणि रॉजर ओल्सन यांच्यासारख्या धर्मशास्त्रज्ञाने काही मतभेद नोंदवून तिची पाठराखण केली. एकाच धर्मपरंपरेतील जाणत्या माणसांनी एकाच पुस्तकाविषयी इतक्या परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या, यावरून तरी वाचकाने आपले डोळे उघडे ठेवून ते वाचावे एवढे निश्चित ठरते.

स्त्रीरूपाच्या आक्षेपाबाबत मी फार काळ थबकणार नाही, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला तो मुळात फारसा बोचत नाही. पुरुषरूपी विठ्ठलाला ‘विठाई माऊली’ म्हणणारी आणि जनीबरोबर जात्यावर बसून दळण दळणारा देव पाहिलेली भाषा आपण बोलतो. नारायण वामन टिळकांनी याच भाषेत अभंग लिहिले आणि ख्रिस्ताला माय व गुरू या दोन्ही नात्यांनी हाक मारली. त्यांच्यावर कोणी मूर्तिपूजेचा ठपका ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. खुद्द बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सहासष्टाव्या अध्यायात देव आईसारखे सांत्वन करण्याचे वचन देतो, आणि येशू यरुशलेमविषयी बोलताना पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देतो. शिवाय कादंबरीत या रूपाला सबळ कारण आहे. मॅकचा बाप मंडळीचा वडील, म्हणजे चर्चमधला ज्येष्ठ पदाधिकारी, होता आणि घरी दारू पिऊन बायकोमुलांना मारत होता. बाप या शब्दाबरोबर ज्याला पट्ट्याचे फटके आठवतात त्याच्यापुढे देवाने प्रथम कोणत्या रूपात यावे, हा प्रश्न लेखकाने मनापासून विचारला आहे. पुढे, लेकीचा मृतदेह आणण्याच्या दिवशी, पापा पुरुषरूपात येते, कारण त्या दिवशी मॅकला बापाची गरज पडणार असते. या बदलाकडे टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ज्याला देवी स्थापन करायची आहे तो लेखक असा बदल करणार नाही.

त्रैक्याविषयीचा आक्षेप याहून गंभीर आहे. पापाच्या मनगटांवर मॅकला खिळ्यांच्या खुणा दिसतात, म्हणजे वधस्तंभावर पुत्राबरोबर पित्यानेही दुःख सोसले असे कादंबरी सुचवते. आणि एका ठिकाणी पापा असेही म्हणते की पुत्राच्या रूपाने आम्ही तिघेही माणूस झालो. मंडळीने तिसऱ्या शतकातच या विचाराला नकार दिलेला आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवाची तीन सोंगे मानणारे साबेलियसचे मत तेव्हा नाकारले गेले, आणि त्याआधी तर्तुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने, अशा शिकवणीने पित्यालाच वधस्तंभावर चढवले, असे कठोर शब्द वापरले होते. कादंबरीच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, आम्ही एकाच देवाच्या तीन भूमिका नव्हेत, असे पापा मॅकला अगदी स्पष्ट शब्दांत बजावते. म्हणजे लेखकाला चूक कोठे आहे ते ठाऊक आहे, परंतु चित्र रंगवताना त्याचा कुंचला त्या रेषेबाहेर जातो. मनगटावरील त्या खुणा वाचकाच्या भावनेला चटकन हात घालतात, आणि नेमके म्हणूनच त्या धोक्याच्या आहेत; जी माणसे श्रद्धेचे पहिले धडे या पुस्तकातून घेतील त्यांच्या मनात पित्याने पुत्राला पाठवले या शुभवर्तमानातील मूळ नात्याचाच गोंधळ होईल.

हा प्रश्न आपल्याकडे परका नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या काळात भगिनी जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर जो पत्रव्यवहार केला तो आजही वाचनीय आहे. गुरुस्थानी असलेल्या बायका कळवळून विनवत आहेत, आणि रमाबाई शास्त्राचा आधार मागत, सौजन्य न सोडता, एकेक शंका पुढे ठेवत आहेत. मला तो पत्रव्यवहार वाचताना जो विश्वास वाटतो तो या कादंबरीतील संवाद वाचताना वाटत नाही. रमाबाईंना उत्तराची घाई नव्हती; शंका अपुरी सुटली तर ती तशीच ठेवून त्या पुढे जात होत्या, आणि पुढे याच बाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. मॅकला मात्र अडीचशेच्या आसपास पानांच्या पुस्तकात, एका शनिवार-रविवारात, सर्व काही समजावून दिले जाते.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. या कादंबरीतला देव फार बोलतो. पापा स्वयंपाकघरात संगीतावर डोलत काम करता करता बोलते, येशू सरोवराच्या धक्क्यावर आकाशातले तारे पाहत बोलतो, सरायू बागेत तण उपटताना बोलते. स्वातंत्र्य, अधिकार, दुष्टाईचे मूळ, नियमशास्त्र, अपेक्षा आणि नाते यांतला फरक, प्रत्येक विषयावर मॅक एक बेताचा प्रश्न विचारतो आणि त्याला परिच्छेदभर उत्तर मिळते. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथाशी ताडून पाहावे. दहा अपत्ये गमावलेला ईयोब पस्तीस अध्याय देवाला जाब विचारतो आणि मित्रांची उपदेशपर भाषणे ऐकून घेतो. अखेर देव वावटळीतून बोलतो तेव्हा तो एकाही आरोपाचा खुलासा करत नाही, उलट प्रश्नच विचारतो, आणि शेवटी रागावतो तो खुलासे देणाऱ्या मित्रांवर. बायबलमधला देव शोकाकुल माणसाला स्पष्टीकरण देत नाही. मरण पावलेल्या लाजर या मित्राच्या कबरेपाशी येशूला सगळे ठाऊक असूनही तो आधी रडतो. ‘द शॅक’मधली पापाही रडते, आणि ते क्षण सुंदर आहेत, परंतु डोळे पुसल्याबरोबर ती व्याख्यान सुरू करते. देवाला स्त्री केल्याबद्दल रागावलेल्या धर्मशिक्षकांनी, देवाला व्याख्याता केल्याबद्दल रागवायला हवे होते. तसे फारसे घडले नाही, याचे कारण कदाचित असे असेल की व्याख्यान देणारा देव त्यांनाही परिचयाचा होता.

असे असूनही या कादंबरीत काही पाने अशी आहेत की ज्यांच्यासाठी मी ती पुन्हा हाती घेईन. अकरावे प्रकरण त्यांत पहिले. मॅकला एका गुहेत नेले जाते आणि तेथे सोफिया, म्हणजे बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील मूर्तिमंत ज्ञान, त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसायला सांगते. तू आयुष्यभर सर्वांचा न्याय करतच आला आहेस, तर आता उघडपणे कर, असे ती म्हणते. मिसीच्या खुन्याला नरकात पाठवावे का? अर्थातच. ज्या बापाने त्या खुन्याला लहानपणी पिळून काढून असा घडवला त्याला? त्यालाही. आणि त्या बापाच्या बापाला? असे करत करत ती मॅकला आदामापर्यंत मागे नेते, आणि मग ज्याने हे सारे निर्माण केले त्या देवाचे काय करायचे ते विचारते. मॅक भडकून, होय, देवच दोषी, असे म्हणतो. तेव्हा ती शांतपणे पुढची अट घालते : इतक्या सहज न्याय करता येत असेल तर आपल्या पाच मुलांपैकी स्वर्गात जाण्यासाठी दोघे निवड, उरलेले तिघे नरकात जातील.

येथे लेखकाने घाई केलेली नाही. मॅक आधी हा खेळ आहे असे समजतो, मग चिडतो, मग विनवणी करतो. अलीकडे त्याच्याशी तुटक वागणारी, स्वतःला दोष देत आतल्या आत मिटत चाललेली मुलगी केट त्याला आठवते, आणि ज्या मुलीवर आपण मनातून रुसलो आहोत तिच्यावरचे आपले प्रेम तसूभरही कमी झालेले नाही हे त्याच्या लक्षात येते. शेवटी, त्यांच्याऐवजी मला पाठवा, असे तो कसाबसा बोलतो, आणि हे म्हणताना आपण कोणासारखे बोललो हे त्याला सोफिया दाखवून देते. वधस्तंभावरील प्रायश्चित्ताचा अर्थ इतक्या थोड्या शब्दांत, एका बापाच्या तोंडून, व्याख्या न करता सांगणारे दुसरे प्रकरण अलीकडच्या ख्रिस्ती ललित लेखनात मी वाचलेले नाही. दुर्दैवाने जे प्रायश्चित्त येथे इतके उत्कट झाले आहे तेच इतर प्रकरणांत पुसट होते. पापकृत्यांची शिक्षा आणि देवाचा क्रोध यांविषयी लेखकाला बोलायचे नाही हे जाणवत राहते.

दुसरी जागा दफनविधीची. पुरुषरूपातील पापा मॅकला डोंगरातल्या एका कपारीपाशी नेतो, तेथे मिसीचे शव सापडते, आणि खाली येशूने स्वतःच्या हातांनी घडवलेली पेटी तयार असते. पेटीवर मिसीच्या छोट्याशा आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. मॅकने आदल्या दिवशी सरायूबरोबर बागेतला जो तुकडा रिकामा केला होता, का ते न कळता मुळे उपटली होती, तेथेच खड्डा खणला जातो. सरायूकडे एक लहानशी कुपी आहे, तिच्यात तिने मॅकचे अश्रू जमवलेले आहेत. ते ती मातीवर शिंपडते आणि तेथे फुले उगवतात. ‘माझी आसवे तू आपल्या बुधलीत भरून ठेव’ अशा आशयाची छप्पन्नाव्या स्तोत्रातील ओळ आपल्याकडे अंत्यविधीच्या वेळी अनेकदा वाचली जाते, तिचे हे दृश्यरूप आहे. या प्रकरणात संवाद अगदी कमी आहेत. लेखक गप्प राहतो तेव्हा तो किती चांगला लेखक आहे ते येथे कळते.

क्षमेविषयी कादंबरी जे सांगते तेही मला पटले, आणि त्यावर आमच्या गटात सर्वाधिक वेळ चर्चा झाली. खुन्याला क्षमा कर, असे पापा मॅकला सांगतो, परंतु क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, त्याने केले ते क्षुल्लक होते असे म्हणणे नव्हे, आणि त्याच्याशी नाते जोडणेही नव्हे. दुसऱ्याच्या गळ्याभोवतीचा आपला हात सोडणे म्हणजे क्षमा, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. मॅक क्षमेचे शब्द मोठ्याने उच्चारतो तेव्हा त्याचा राग ओसरत नाही, आणि ते शब्द त्याला पुन्हा पुन्हा उच्चारावे लागतील हे पापा प्रांजळपणे कबूल करतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले जिवंत जाळली गेली, आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, हे ज्या देशाने पाहिले आहे तेथील वाचकाला हा प्रसंग केवळ कादंबरीतला वाटणार नाही.

गटातल्या प्रतिक्रिया मी येथे मुद्दाम नोंदवते. आमच्यातल्या एका मावशींचा कर्ता मुलगा काही वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्या म्हणाल्या, “मुलगा गेल्यावर घरी आलेल्या प्रत्येकाने मला वचने सांगितली, पण नुसते शेजारी बसायला कोणी आले नाही. पहिली चार प्रकरणे वाचताना कोणीतरी शेजारी बसल्यासारखे वाटले.” देवाची भाषणे सुरू झाल्यावर मात्र त्यांनी पाने उलटत नेली आणि थेट दफनाचे प्रकरण वाचले. आमचे निवृत्त पाळकसाहेब पुस्तकावर नाराज होते. “मावशी, तुमचे दुःख मी समजू शकतो,” ते म्हणाले, “पण दुःखी माणसाला आधार देताना आपण देवाविषयी चुकीचे सांगितले, तर तो आधार उद्या त्याच्याच पायाखालून सरकेल.” त्यांचे हे म्हणणे मला वजनदार वाटते, आणि मावशींचेही. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाला पुस्तकातला हसरा, खांद्यावर हात टाकणारा येशू मनापासून भावला. स्वयंपाकघरात येशूच्या हातून भांडे निसटते, पापाच्या घागऱ्यावर आणि पायांवर सगळे सांडते, तिघे पोट धरून हसतात आणि येशू गुडघे टेकून तिचे पाय पुसतो, तो प्रसंग त्याने आम्हा सर्वांना वाचून दाखवला. त्या वेळी पाळकसाहेबही हसले. देवाच्या अंतरंगात आनंद आहे हे आपल्या प्रवचनांत किती क्वचित येते, असे ते नंतर म्हणाले.

सर्वांचे तारण, म्हणजे उद्धार, होईलच असे हे पुस्तक शिकवते का, या प्रश्नावर सरळ उत्तर देता येते. कादंबरीतला येशू म्हणतो की सगळे रस्ते माझ्याकडे येत नाहीत, पण तुम्हाला शोधण्यासाठी मी कोणत्याही रस्त्याने जाईन. हे वाक्य शास्त्राशी विसंगत नाही. मात्र मूळ हस्तलिखितात सार्वत्रिक तारणाकडे झुकणारा मजकूर होता आणि पुनर्लेखनात तो काढला गेला, असे जेकबसन यांनीच सांगितले आहे. आणि २०१७ मध्ये यंग यांनी देवाविषयीच्या चुकीच्या समजुतींवर जे ललितेतर पुस्तक लिहिले त्यात त्यांनी ही भूमिका उघडपणे मांडली. त्यामुळे टीकाकारांचा संशय निराधार नव्हता हे मान्य केले पाहिजे. तरीही वाचकाने पुढ्यातले पुस्तक तपासावे, आणि पुढ्यातल्या पुस्तकात हा प्रश्न लेखकाने मोकळा सोडला आहे.

वाङ्मयीन गुणवत्ता मध्यम आहे. सुरुवातीच्या प्रकरणांतील अपहरणाचे कथन घट्ट आणि थरकाप उडवणारे आहे. झोपडीत शिरल्यावर भाषा सैल होते, विशेषणे वाढतात, आणि निसर्गवर्णने शुभेच्छापत्रांच्या वळणावर जातात. संस्थात्मक मंडळी आणि धर्मशास्त्र विद्यालये यांच्यावरचे शेरे सोपे आहेत; ज्या मंडळीने शतकानुशतके शोकाकुलांना कबरस्तानापर्यंत सोबत दिली तिला दोन वाक्यांत निकालात काढणे मला रुचले नाही. उपदेशासाठी कादंबरी लिहावी की नाही हा वाद मराठीला नवा नाही. १८५७ सालचे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, ज्याला पुष्कळ अभ्यासक मराठीतील पहिली कादंबरी मानतात, ते उघडपणे ख्रिस्ती हेतूने लिहिलेले आहे, आणि तरीही आज ते वाचले जाते ते त्यातल्या विधवांच्या खऱ्याखुऱ्या हालअपेष्टांमुळे. ‘द शॅक’च्या बाबतीतही माझा अंदाज तसाच आहे : त्यातील धर्मचर्चा मागे पडेल, मिसीचा लाल झगा मागे पडणार नाही.

२०१७ मध्ये आलेल्या चित्रपटाविषयी थोडेसेच. ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांनी पापाची भूमिका संयमाने केली आहे आणि सॅम वर्थिंग्टन यांचा मॅक ठीक आहे. पडद्यावर संवाद आखूड झाल्यामुळे व्याख्यानांचा दोष कमी होतो, परंतु गुहेतल्या न्यायनिवाड्याची हळूहळू चढत जाणारी धार तेथे येत नाही. दोन्हींपैकी एकच निवडायचे असेल तर पुस्तक निवडावे.

हे पुस्तक कोणी वाचावे हे सांगणे मी टाळणार नाही. इंग्रजी सोपे आहे आणि नेहमी मराठी वाचणाऱ्यालाही ते अडणार नाही. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, विशेषतः लेकराचा, त्यांना ते इतक्यात देऊ नये. अपहरणाची प्रकरणे त्यांना सोसवणार नाहीत, आणि मग पुढची सुंदर पाने गाठण्याआधीच पुस्तक बंद होईल. काही काळ लोटल्यावर, स्वतःहून विचारणाऱ्याला द्यावे. नव्याने श्रद्धेत आलेल्या माणसाला त्रैक्याची ओळख म्हणून देऊ नये; त्यासाठी योहानाचे शुभवर्तमान आहे. मंडळीच्या गटात घेणार असाल तर एका बैठकीत संपवू नका, आणि चर्चेपूर्वी ईयोबाचे अडतीस ते बेचाळीस हे अध्याय सर्वांनी वाचून यावेत. आमच्याकडे ते वाचन चर्चेच्या नंतर झाले, आणि पाळकसाहेब व मावशी यांचे खरे संभाषण त्या वाचनानंतरच सुरू झाले. पुढच्या बैठकीसाठी दोघांनी मिळून रमाबाईंची पत्रे सुचवली आहेत.